निवडुंगावर काळा डाग दिसला? आधी बोट लावा, औषध सर्वांत शेवटी

निवडुंगावर काळा डाग दिसला की आपल्याकडे एकाच दिवसात तीन कामं उरकली जातात. ‘वाळतंय बहुतेक’ म्हणून तांब्याभर पाणी, ‘बुरशी असणार’ म्हणून बुरशीनाशकाचा फवारा, आणि ‘जरा ऊन खाऊ दे’ म्हणून कुंडी थेट गच्चीत. आठ-दहा दिवसांत झाड बुडातून लोळतं आणि दोष डागाच्या माथी बसतो. लोकांनी मला दाखवायला आणलेल्या कितीतरी निवडुंगांचा मूळ डाग निरुपद्रवी होता. ते मेले उपचारानं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. घाई फक्त एकाच डागाची करायची: दाबल्यावर मऊ लागणारा, बहुधा बुडाशी असलेला. तुमचा डाग तसा निघाला तर टप्पा ४ वरून थेट टप्पा ८ गाठा, मधलं नंतर वाचा. बाकी कुठल्याही डागाला आठवडाभर थांबवता येतं.

## आधी खात्री: झाड निवडुंगच आहे ना?

काटा जिथून फुटतो तिथे लोकरीसारखी बारीक गादी दिसली, तर तो खरा निवडुंग. गादी नाही, काटे खोडाच्या धारेवर जोडीजोडीने आहेत आणि ओरखडा पडताच पांढराशुभ्र चीक येतो, तर ते युफोर्बिया, म्हणजे बांधावरच्या त्रिधारी निवडुंगाच्या भावकीतलं. मॅमिलारिया या खऱ्या निवडुंगाच्या काही जातींनाही दुधट चीक असतो, त्यामुळे नुसत्या चिकावरून ठरवू नका, गादी बघा.

निदानाचे टप्पे दोघांना तेच. फरक सुरक्षिततेत आहे.

सावधान: युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर चुरचुरतो, सुजतो, काही वेळ नीट दिसतही नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा. गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टर गाठा.

आणि हो, आपल्या अंगणातलं ब्रह्मकमळ हेसुद्धा निवडुंगच. आपण ज्यांना पानं म्हणतो ती त्याची चपटी खोडं. त्याचे लाड मात्र वेगळे, म्हणून त्याच्यासाठी खाली स्वतंत्र लिहिलं आहे.

## तयारी: हे जवळ असल्याशिवाय झाडाला हात लावू नका

अर्धं काम झाल्यावर स्पिरिट आणायला मेडिकलकडे पळालात की उघडी जखम तशीच राहते. एका ताटात हे काढून ठेवा: नव्या पात्याचा कटर, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, जुना मऊ टूथब्रश, भिंग, पांढरा कागद, मार्कर पेन, जुनी वर्तमानपत्रं आणि अगरबत्ती जळून उरलेल्या चार-पाच काड्या. या काड्यांची गंमत पुढे कळेल.

निवडुंग धरायला वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी करा, कमरेला पट्टा बांधावा तशी झाडाभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून उचला. जाड कातडी हातमोजेसुद्धा फड्या निवडुंगाच्या कुसळांपुढे हरतात. कुसळं बोटात गेलीच तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून झटकन ओढा, बरीचशी निघतात.

बुरशीनाशक अजून विकत घेऊ नका.

## टप्पा १: कुंडी वेगळी करा, पाणी बंद

डाग कसलाही असो, पहिलं काम हेच. कुंडी इतर झाडांपासून हातभर तरी दूर ठेवा, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी. पाणी पूर्ण बंद. खालची ताटली काढून टाका. पानांवर मारतो तसा पाण्याचा फवारा तर अजिबात नको.

निरोगी निवडुंग दोन-तीन आठवडे पाण्यावाचून आरामात राहतो. आजारी निवडुंग पाणी कमी पडून मेलेला मी पाहिलेला नाही. जास्त होऊन मेलेले मोजत नाही.

## टप्पा २: पुसून बघा

हसू नका. उसाच्या गळीत हंगामात कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गच्चीवर सकाळी काळी काजळी सांडलेली असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तशी ती झाडांवरही बसते, आणि निवडुंगाच्या खाचांत जाऊन दवाबरोबर घट्ट चिकटते. ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसा. डाग बोळ्यावर आला तर लेख मिटा आणि चहा घ्या.

निघाला, पण हाताला चिकट लागलं, तर मामला दुसरा. ती काळी बुरशी. आंब्याच्या पानावर येते तीच जात, आणि ती झाडाला खात नाही. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड गोड चिकटा सोडते, त्याच्यावर ती वाढते. म्हणजे कीड शोधायची. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर कीड आहे असं समजूनच चाला.

तपासा: डाग पुसला जात नाही, पण टेंगळासारखा वर आलेला आहे? नखाने खरवडून बघा. टवका उडावा तसा सुटून आला आणि खालची साल हिरवी निघाली, तर तो डाग नव्हताच, खवले कीड होती.

## टप्पा ३: डाग नेमका कुठे आहे?

डागाच्या रंगापेक्षा त्याची जागा जास्त बोलते. रंगावरून निदान करायला गेलात तर फसाल, कारण ऊन, वय आणि बुरशी तिघेही शेवटी तपकिरी रंगावरच येतात.

बुडापासून वर चढणारा, सगळ्या बाजूंनी सारखा, खडबडीत तपकिरी: बहुधा वय. जुन्या निवडुंगाचं खोड बुडाशी साल धरतं, झाडाचं वजन पेलायला. याच्यावर इलाज नाही आणि लागतही नाही. ही मी स्वतः खाल्लेली ठेच आहे. सहा वर्षांचा उभा निवडुंग ‘बुडातून कुजतोय’ म्हणून मी कापला, आणि आत काकडीसारखा स्वच्छ हिरवा गर निघाला. बोट लावून बघितलं असतं तर दगडासारखं कडक लागलं असतं.

एकाच बाजूला, खिडकीकडे किंवा पश्चिमेकडे: ऊन. आधी तो भाग फिकट पिवळा-पांढरा पडतो, मग बदामी, मग तपकिरी होऊन टणक होतो. नर्सरीत झाड हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये तेच आणून गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवलं की दोन दिवसांत करपतं. वाळवंटातलं झाड म्हणून काय झालं? सावलीत वाढलेल्याला सवय नसतेच.

शेंड्याकडून सुरू होणारी गंजासारखी बारीक रवाळ छटा: लाल कोळी. झाडाखाली पांढरा कागद धरून काट्यांवर टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके मिनिटभर बघा. चालायला लागले तर कोळी, बसून राहिले तर धूळ. भिंग याचसाठी.

कुठेही विखुरलेले गोल, किंचित खोलगट, काळ्या किंवा तपकिरी कडेचे ठिपके: बुरशीचे डाग. पावसाळ्यात, दाटीत, वारा न खेळणाऱ्या ग्रिलमध्ये हमखास. फड्या निवडुंगावर तर फारच.

उंचावलेल्या खरबरीत पुटकुळ्या: पाणी जास्त, ऊन कमी. मुळं शोषतात तेवढं झाडाला बाहेर टाकता येत नाही, पेशी फुटतात, वर खपली धरते. संसर्ग नाही.

बुडाशी किंवा मातीच्या रेषेवर, गडद, ओलसर, चकाकणारा: कूज. पुढे.

थंडीमुळे पडणाऱ्या काळ्या डागांचे व्हिडिओ बघून घाबरू नका. ते बर्फ पडणाऱ्या देशांतले. आपल्या कोल्हापुरात जानेवारीतली रात्र साधारण १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि कोरड्या मातीतल्या निवडुंगाला ती आवडतेच.

## टप्पा ४: बोट लावा, वास घ्या

निदानाची ही खरी जागा. पेन्सिलीच्या खोडरबरवाल्या टोकाने डाग हलकेच दाबा. आधी डागावर, मग दोन बोटं बाजूला हिरव्या भागावर. दोन्हींची तुलना महत्त्वाची, कारण काही जाती मुळातच थोड्या लिबलिबीत असतात.

कडक लागला, तर घाई नाही. टप्पा ५ कडे चला.

मऊ लागला, दाबल्यावर खळगा तसाच राहिला किंवा पाणी सुटलं, तर कूज. वास घ्या. सडलेल्या भाजीसारखा वास आला तर जिवाणूंची ओली कूज. ती एक-दोन दिवसांतही झाड आडवं करते. वास नाही, पण बूड मऊ आणि तपकिरी, तर बुरशीची. फ्युजॅरियम आणि फायटॉप्थोरा हे यातले नेहमीचे गुन्हेगार. घरी बसून दोघांत फरक करायची गरज नाही, उपचार तोच: कापणे. आजच टप्पा ८.

तिसरा प्रकार फसवा असतो. बूड कडक, पण आत बसलेलं, आणि झाड उचलल्यावर हलकं लागतं, हलवलं तर डुगडुगतं. ही सुकी कूज. आतला गर वाळून पोकळ झालेला असतो. बाहेरून साल धरल्यासारखं दिसतं, म्हणून लोक ‘वय झालंय’ म्हणून सोडून देतात.

तपासा: साल धरलेलं बूड की सुकी कूज? साल धरलेलं झाड कुंडीत घट्ट उभं असतं. कुजलेलं डुगडुगतं.

## टप्पा ५: डागाची कड आखा आणि आठ दिवस थांबा

कडक डागाच्या कडेने मार्करने बारीक रेघ मारा. शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. दर चार दिवसांनी त्याच उजेडात, त्याच बाजूने पुन्हा फोटो. पाणी बंदच.

आठ दिवसांनी डाग रेघेच्या आतच असेल तर ती जुनी जखम आहे. ऊन असो, ओरखडा असो, मांजराने पाडलेली कुंडी असो, ती भरून आलेली आहे. तो डाग कधीही जाणार नाही. निवडुंगाची जखमी साल पुन्हा हिरवी होत नाही. लोक डाग ‘जावा’ म्हणून महिनोन्‌महिने फवारत बसतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

रेघ ओलांडली, किंवा नवे ठिपके आले, तर डाग जिवंत आहे. टप्पा ७.

## टप्पा ६: कुंडीत डोकवा

रेघ मारून थांबला आहात तेवढ्यात हे करा. अगरबत्तीची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. वरची माती भुसभुशीत कोरडी आणि काडीचं खालचं टोक ओलं, चिखल लागलेलं, असं असेल तर पाणी तळाशी तुंबतंय. वरच्या मातीला बोट लावून पाणी घालणाऱ्यांची चूक इथेच असते.

कुंडी उलटी करून भोक बघा. भेट मिळालेल्या चिनीमातीच्या गोंडस कुंड्यांना अनेकदा भोकच नसतं. वर रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर ते उखडा, कारण त्यांच्याखाली माती सुकतच नाही.

शंका उरली तर झाड कुंडीतून काढा. निरोगी मुळं पांढरट किंवा बदामी आणि ताणली तर चिवट. कुजलेली काळपट, ओढल्यावर सालपट हातात येतं आणि आतला दोरा राहतो. मुळांवर पांढरी पिठूळ बोंडं दिसली तर मुळांचे पिठ्या ढेकूण. आणि मधोमध कोकोपीटचा घट्ट गोळा सापडला, तर झाड नर्सरीतून आलं तेव्हापासूनच तो ओल धरून बसलाय. काडीने टोकरून तो काढून टाका.

## टप्पा ७: कारणानुसार उपचार

ऊन: जागा बदला, बस्स. झाड गोल फिरवत राहू नका, नाहीतर दुसरी बाजूही भाजेल. कुंडीवर खडूने खूण करा आणि तीच बाजू उन्हाकडे ठेवा. जास्त उन्हात न्यायचंच असेल तर आठ-दहा दिवस रोज तासभर वाढवत न्या, आणि सुरुवात सकाळच्या उन्हाने करा.

लाल कोळी: संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचा साबण मिसळून फवारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत. निळसर, पावडर लावल्यासारख्या दिसणाऱ्या जातींवर तेल मारू नका, तो लेप कायमचा जातो. त्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि तेल मात्र दोन आठवड्यांच्या अंतराच्या आत एकत्र येऊ देऊ नका, आणि कडक उन्हाळ्यात गंधक नकोच, साल भाजते.

पिठ्या ढेकूण, खवले कीड: ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपा. आधी एका कोपऱ्यात लावून दोन दिवस बघा. काम संध्याकाळी करा, झाड रात्रभर सावलीत राहू द्या. फड्या निवडुंगावर कापसाचे पुंजके असतील आणि चिरडल्यावर गडद लाल रंग येत असेल, तर ती किरमिजी कीड. लागण जास्त असेल तर ती फडीच सांध्यातून काढून टाका. मुळांवर ढेकूण असतील तर सगळी माती झटका, मुळं धुवा, सावलीत चार-पाच दिवस सुकवा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालायचा मोह आवरा.

बुरशीचे ठिपके: आता औषध. कॉपर ऑक्सिक्लोराइड, ५० टक्क्यांची पावडर, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम. कोल्हापुरात शेतीऔषधांच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि ‘एकरी किती’ याच हिशेबाने मिळते. तुम्हाला लागणार चमचाभर, तेव्हा सर्वांत लहान पुडी मागा. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. पाऊस-धुकं नसलेला दिवस निवडा. फवारणीआधी जास्त डागाळलेली फडी सांध्यातून काढा; डागाळलेला भाग ठेवून फवारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

सावधान: स्वयंपाकघरातला चमचा किंवा फवारायची बाटली औषधाला वापरली की ती परत घरात आणू नका. मास्क लावा, मुलं आणि कुत्री-मांजरं दूर. पुडीवर लिहिलेलं प्रमाण माझ्या आकड्यापेक्षा वेगळं असेल तर पुडीचं ऐका.

हळद, दालचिनी, ताक, राख? दालचिनीची पूड कापलेल्या जागेवर भुरभुरली तर जखम कोरडी राहायला थोडी मदत होते, मुळांना लावली तर मुळंच वाळवते. हळदीने नुकसान नाही, पण मऊ कूज हळदीने थांबलेली मी पाहिली नाही. ताक नको.

## टप्पा ८: कापायचं कसं

कूज असेल तर हा टप्पा टाळता येत नाही. औषध ओतून मऊ गर परत कडक होत नाही.

१. झाड कुंडीतून काढा, माती झटका, वर्तमानपत्रावर आडवं ठेवा. पातं अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या.

२. मऊ भागाच्या दोन बोटं वर, निरोगी दिसणाऱ्या भागात पहिला काप घ्या. कुजलेल्या बाजूने वर सरकत गेलात तर पातं प्रत्येक कापाबरोबर रोग वर नेतं.

३. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. मधोमध फिकट रंगाची एक कडी दिसेल. झाडाच्या रसवाहिन्या त्या. सगळं एकसारखं हिरवट-पांढरं असेल तर थांबा. कडीत एकही नारिंगी, लालसर किंवा तपकिरी ठिपका दिसला, तर पातं पुसा आणि अर्धा इंच वर पुन्हा कापा. प्रत्येक कापाआधी पातं पुसायचं. बहुतेक जण हात इथेच आखडता घेतात, ‘एवढं चांगलं झाड कशाला कापायचं’ म्हणून एक ठिपका सोडतात, आणि महिन्याने तेच झाड घेऊन परत येतात.

४. स्वच्छ काप मिळाला की त्याच्या कडा पेन्सिलीला टोक काढतो तशा तिरक्या तासा. जखम सुकताना मधला भाग आत ओढला जातो. कडा ताठ ठेवल्या तर वाटी तयार होते आणि मुळं फुटायची जागा मातीला टेकतच नाही.

५. तोंडावर गंधकाची पूड भुरभुरा. नसेल तर तशीच कोरडी राहू द्या.

गोल निवडुंगाची कूज शेंड्यापर्यंत पोचली असेल तर झाड गेलं. बाजूला पिल्लं असतील तर ती काढून तपासा, त्यांच्या बुडाचा गर स्वच्छ असेल तर ती वाचतात. कलम केलेला रंगीत निवडुंग, म्हणजे वर लाल किंवा पिवळा गोळा आणि खाली हिरवं तिधारी खोड, याच्यात खालचं खोड कुजलं तर वरचा गोळा नुसता लावून जगत नाही. त्याच्यात स्वतःचं अन्न तयार करण्याइतकं हरितद्रव्य नसतं. दुसऱ्या खोडावर कलम करता येत असेल तरच उपयोग.

कापलेला कुजका भाग, माती, वर्तमानपत्र, सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टच्या ड्रममध्ये नको.

## टप्पा ९: सुकवणं

यात घाई केली की आधीचे आठही टप्पे पाण्यात. कापलेलं झाड सावलीत, हवेशीर जागी, उभं ठेवा. रिकाम्या ग्लासात किंवा कुंडीत, तोंड कशालाही न टेकता. आडवं ठेवलं तर बाजूने मुळं फुटतात आणि शेंडा वाकतो.

पेन्सिलीएवढा जाड काप चार-पाच दिवसांत सुकतो, मनगटाएवढ्याला दोन-तीन आठवडे. जून ते सप्टेंबर यात सरळ आठवडाभर मिळवा आणि पंखा लावून ठेवा. रंकाळा तलावाकाठच्या किंवा नदीकडच्या घरांत, जिथे आषाढात मिठाची बरणीसुद्धा पाझरते, तिथे पंख्याशिवाय जखम सुकेल या भरवशावर राहू नका.

तपासा: तोंडावर नख वाजवा. पुठ्ठ्यासारखा टक्‌ आवाज आला तर तयार. दमट किंवा चिकट लागलं तर थांबा. नवा तपकिरी डाग दिसला तर परत टप्पा ८.

## टप्पा १०: माती आणि लावणी

नदीकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, निवडुंगाला फास. ती पाणी धरते आणि सुकली की मुळं आवळते. पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती चालते, पण एकटी नको. माझं प्रमाण असं: एक भाग तांबडी माती, दोन भाग खडे, मूठभर जुनं कुजलेलं शेणखत. खडे म्हणजे बारीक खडी किंवा फुटक्या कौलांचा आणि विटांचा चुरा, ज्वारीच्या ते हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यातली पीठ झालेली धूळ चाळून टाका, नाहीतर तीच तळाशी चिखल करते.

सावधान: शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूने कुणीतरी फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातली, वापरलेली काळी वाळू फुकट आणून देतं. ‘वाळूच तर आहे’ म्हणून घेऊ नका. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, काहींत रेझिनही. बेंटोनाइटचं कामच ओल धरून चिकटणं.

मिश्रण बरोबर झालं का ते असं बघा: ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर खडे वाढवा, विस्कटला तर ठीक.

कुंडी मातीची, कुंभार गल्लीतली, झाडापेक्षा दोन बोटंच मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. झाड जेमतेम उभं राहील एवढंच रोवा, डुलत असेल तर काड्यांचा आधार द्या. मिश्रण कोरडं.

## ब्रह्मकमळाचं वेगळं

त्याच्या पातीवर पिवळे-तपकिरी डाग दुपारच्या उन्हाने पडतात, आणि काळे गोल ठिपके भिजून दाटीत राहिल्याने. डागाळलेली पाती बुडातून काढा, दाटी विरळ करा, आडोशाला सकाळचं ऊन द्या. एक-दोन जुन्या पात्यांवर डाग असतील तर काहीच करू नका. मातीत इथे खडे कमी आणि पालापाचोळ्याचं खत जास्त, आणि वरचा इंचभर थर सुकला की पाणी. त्याला दोन-दोन महिने तहानलेलं ठेवू नका.

## पावसाळ्याआधी

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. गगनबावड्याकडे तर याच्या कितीतरी पट. मृग लागायच्या आत सगळे निवडुंग छपराखाली घ्या. खरं तर त्याच्याही आधी, कारण घात करतो तो वळीव: दीड-दोन महिने तापलेल्या, तहानलेल्या झाडावर एका संध्याकाळी धो धो कोसळतो, झाड घटाघटा पितं आणि साल तडकते. त्या चिरेतून बुरशी आत शिरते. छपराखाली कुंड्या भिंतीला चिकटवू नका, मधून हात फिरेल एवढं अंतर ठेवा. जून ते सप्टेंबर पाणी महिन्यातून एकदा, तेही काडी तळापर्यंत कोरडी निघाली तरच.

## लावल्यानंतर पहिलं पाणी

मुळं शाबूत असलेल्या झाडाला लावल्यावर आठ-दहा दिवसांनी. बिनमुळाच्या तुकड्याला दोन आठवडे काहीच नाही, मग कुंडीच्या कडेने दोन-तीन चमचे, आठवड्यातून एकदा. महिना ते दीड महिन्याने वर्तमानपत्राच्या पट्टीने झाड धरून अगदी हलकेच वर ओढा. सुटून आलं तर काप तपासा, कोरडा आणि स्वच्छ असेल तर परत ठेवा. खालून धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मुळं फुटली. त्या दिवशी सकाळी कुंडीच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला, आणि ताटलीत साठलेलं लगेच ओतून टाका.